बाकावरची रिकामी जागा

इंजेक्शनच्या खोलीबाहेर बसलोय. इथली पद्धत साधी आहे. माणसं बाकावर जशी बसतील, त्याच ओळीनं केसपेपर लावतात. एक बाई लेकरू काखेला घेऊन उभी राहते. ‘आजोबा, जरा सरकता?’ पलीकडचा माणूस चहाला गेलाय. मी त्याच्या जागेवर सरकतो आणि दुपारचा माझा डोळा लागतो.

शेजारी दत्तोपंत निमकर तपकिरीची डबी उघडताहेत. गेल्या दिवाळीनंतर मीच त्यांना स्मशानात पोचवून आलो होतो. पण ओपीडीत एवढ्या गर्दीत कोण जिवंत आहे, हे कोण बघतंय?

‘सरकलास?’

‘बाई उभी होती.’

‘माझ्या वेळी म्हातारी होती.’

बाकाची एसटी होते. बाहेर झाडांना सलाइनच्या बाटल्या लटकताहेत. दत्तोपंत बाही वर करतात. सुईच्या ठिपक्याभोवती काळंनिळं.

‘काळसेकर लघवीला गेलेला. मी त्याच्या जागेवर. शिकाऊ पोरगी आली, म्हणाली, काळसेकर आजोबा ना? मी मान हलवली.’

‘का पण?’

‘इतक्या आदरानं विचारलंन, नाही कसं म्हणायचं? मला पेनिसिलिन चालत नाही हे सांगेपर्यंत घसाच बंद.’

‘आणि पोरगी?’

‘शिक्षण सोडून घरी बसलीय. जेवत नाही. तिच्या स्वप्नात जातो, तर किंचाळते. मला एवढंच सांगायचं असतं, की बाई गं, मला आपण दोघांनी मिळून मारलं.’

एसटीत कंडक्टर येते. कंडक्टर कसली, पांढऱ्या कपड्यातली शिकाऊ पोरगी. हातात तिकिटाऐवजी सुई.

‘राणे आजोबा ना?’

मी राणे नाही. पण मान हलायला लागते. थांबतच नाही. दत्तोपंत चिमूटभर तपकीर माझ्या नाकात कोंबतात.

सणसणीत शिंक येते. जागा होतो. समोर एसटीतली तीच पोरगी, सुई उंच धरून दचकलेली. माझ्या दंडावर स्पिरिट गार लागतंय.

‘राणे आजोबा, घाबरलात?’

‘पोरी, मला नाव सांगू नकोस. विचार.’

‘... तुमचं पूर्ण नाव सांगा.’

सांगतो. तिचा चेहरा पांढरा पडतो. ती सुई ट्रेमध्ये ठेवून देते. तेवढ्यात खरे राणे चहाचा कप घेऊन येतात आणि विचारतात, ‘माझा नंबर गेला का हो?’

पोरीचे डोळे भरलेत. काहीतरी करायचं म्हणून ती कापसानं माझ्या सदऱ्यावरची तपकिरी भुकटी पुसू लागते.

‘आजोबा, तुम्ही तपकीर ओढता ना?’

‘नाही,’ मी म्हणतो.