मासोळीचा शेवटचा काटा

पवनीला आमच्या विणकरांच्या सोसायटीची टिनाची एक लांबच लांब शेड होती. आत ओळीने माग, आणि बाहेरच्या पडवीत आम्ही बायका चरख्यावर कांड्या भरायला. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली बोटाएवढी नळी. ती धोट्यात बसवायची आणि तो धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळवायचा. मी माझ्या नवऱ्याच्या मागाच्या कांड्या भरायची. आतून त्यांच्या मागाचा खट् खट् आवाज यायचा, इकडे माझा चरखा फिरायचा. आमचं घरातलं बोलणंही तेवढंच, म्हणायला हरकत नाही. बोलायची सगळी हौस माझीच!

ह्यांचा हात सोसायटीत सगळ्यात चांगला. रेशमी काठाचं बारीक लुगडं विणायचं तर ह्यांच्याच मागावर. बाकीचे चादरी, टॉवेल, जाडंभरडं. बारीक कामाला मजुरी जास्त होती, पण ती गोष्ट बाजूला ठेवा. त्या मागावर बसणाऱ्याकडे माणसं जरा वेगळ्या नजरेने बघायची. नवा पोऱ्या शिकायला आला की आधी ह्यांच्या पाया पडायचा.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. ह्यांच्या कापडात पट्टी पडायला लागली. वीतभर चांगलं विणलं जायचं, मग बोटभर विरळ, मग पुन्हा चांगलं. हातात धरलं तर कळायचं नाही, रंगवलं की आडवी रेघ उठायची. दुकानदार लुगडी परत पाठवायचा. कुणी म्हणे दृष्ट लागली. मागाला लिंबू-मिरची बांधून झाली, नारळ झाला. मी तर मागाला हळदीकुंकू वाहताना त्याच्याशी बोलायचीसुद्धा, की बाबा काहून असा रुसला?

मग नागपूरहून हातमाग खात्याचे एक साहेब आले. वयाने तरणे, बोलायला गोड. आम्हा बायकांना ताई म्हणायचे. शेडमध्ये फळा टांगला आणि सगळ्यांना समोर बसवलं. म्हणाले, "अडचण आली की कुणावर चिडायचं नाही, अंदाज बांधायचा नाही. एकेक कारण तपासायचं, आणि सापडलं की ते दूर करायचं." असं म्हणत त्यांनी खडूने मासोळीचा सांगाडा काढला. मुंडक्यात लिहिलं, पट्टी. काट्यांवर लिहिलं, कांडी, खळ, फणी, माग, आणि शेपटीजवळच्या काट्यावर, माणूस.

"साहेब, ही कोणती मासोळी जी?" मागून एक जण बोलला. "मरळीले तर एवढे काटे नसतेत."

"रोहू असंन."

"मंग मुंडकं आधी खाऊन टाका ना, तीच तर अडचण आहे!"

सगळी शेड हसली. साहेबही हसले. हे हसले नाहीत. ते त्या शेवटच्या काट्याकडे बघत होते.

रीत साधी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. पट्टी गेली तर कारण सापडलं. नाही गेली तर तो काटा पुसायचा आणि पुढच्यावर जायचं.

पहिला काटा कांडीचा, म्हणजे माझा. खरं सांगते, मी देवाला हात जोडले की कांडीच वाईट निघू दे. सैल भरते म्हणू दे, आंधळी म्हणू दे, चार बायका हसल्या तर हसू दे. काम गेलं असतं तर मी दुसरीकडे धुणी धुतली असती. साहेबांनी माझ्या कांड्या शेजारच्या मागावर दिल्या आणि दुसऱ्या बाईच्या ह्यांच्या मागावर. आठवड्याने कापड रंगवून पाहिलं. शेजारच्या मागावर माझ्या कांडीचं कापड स्वच्छ. ह्यांच्या मागावर पट्टी तशीच.

"ताई, तुमचं काम एकदम पक्कं आहे," साहेब कौतुकाने म्हणाले आणि काटा पुसला. माझ्या बाजूची बाई कोपराने ढोसत म्हणाली, "काहून वो, साहेबानं तारीफ केली तं रडून कायले राहिली?"

मग सुताला लावायची खळ बदलली. धागे ठोकून बसवणारी फणी नवी आणली. सुतार येऊन माग ओळंब्यात लावून गेला. पावसाळा गेला, धान कापायला आलं, आणि फळ्यावर एकच काटा उरला.

आता इथे गाडं अडलं. माणूस तपासायचा म्हणजे ह्यांच्या मागावर दुसऱ्याला बसवायचं आणि दुसऱ्याच्या मागावर ह्यांना. आणि आमच्यात चालत्या मागावर दुसरा बसत नाही. कारागीर मेला, मगच त्याच्या मागावर त्याचा मुलगा किंवा भाऊ बसतो. जिता माणूस समोर असताना त्याच्या जागेवर बसायचं म्हणजे त्याला मेलाच समजायचं. साहेबांना हे कुणी सांगेना. ते विचारायचे, "कोण बसतंय?" आणि सगळे खाली मान घालून आपापला धोटा पुसायचे. एकाने तर फळ्यावरचा पुसलेला खळीचा काटा पुन्हा काढून ठेवला. म्हणाला, "साहेब, खळ अजून एक डाव पाहून घेऊ." पुन्हा खळ पाहिली. पुन्हा फणी बदलली. पुसलेले काटे पुन्हा उगवायचे, आणि ह्यांची लुगडी परत यायची. सगळ्यांना ह्यांचा मान राखायचा होता. मान राखता राखता जी चार गिऱ्हाइकं होती तीही जायला लागली.

शेवटी एके दिवशी हेच उठले. शेजारच्या मागावर ह्यांच्याच हाताखाली शिकलेला कारागीर होता, ह्यांना मामाजी म्हणायचा.

"ऊठ," हे त्याला म्हणाले. "माझ्या मागावर बस."

"मामाजी, मले सांगू नका. मी नाई बसत."

"काहून?"

"तुमी हाये ना अजून!"

"म्हणूनच सांगून राहिलो. मी गेल्यावर बसशीन तं पट्टी काहून पडे, ते कोणाले कळंन?"

तो बसला. बसताना मागाला हात लावून पाया पडला आणि डोळे पुसले. हे त्याच्या मागावर गेले. मी पडवीत कांडी भरत होते, आणि आतून ह्यांच्या मागाचा आवाज यायला लागला, पण हात ह्यांचा नव्हता. मला तो आवाज ऐकवेना. चरखा थांबवून नळावर पाणी प्यायला गेले, तहान नसताना.

पुढच्या आठवड्यात कापड पाहिलं. ह्यांच्या मागावरचं लख्ख. ह्यांनी विणलेल्या चादरीत मात्र पट्टी.

साहेबांनी ह्यांचा डावा हात हातात घेतला. बोटं दाबून पाहिली. "मुंग्या येतात का?"

"येतेत," हे म्हणाले. "वीतभर विणलं का हात झोपते. मंग पुन्हा जागा होते."

घरात ह्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. भंडाऱ्याला डॉक्टरला दाखवलं. मानेत नस दबली म्हणाले, इतकी वर्षं एकाच बाजूला वाकून बसल्याने. गोळ्या दिल्या, मागावर बसू नका म्हणाले.

साहेब भला माणूस. शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "हा दोष नाही, हे फक्त कारण आहे."

ह्यांनी विचारलं, "कारण सापडल्यावर काय करतेत जी?"

साहेब फळ्याकडे वळून हातावरचा खडू झटकायला लागले. उत्तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि सगळ्यांना पाठ होतं. कारण दूर करायचं.

सोसायटीने पेढे वाटले. पट्टी गेली होती, ते खरंच होतं. ह्यांनीही पेढा घेतला, अर्धा मला दिला. मग जाऊन बघतात तर ह्यांच्या मागावर आता कायमच्या बसलेल्या त्या कारागिराचे पाय मागाखालच्या खड्ड्यातल्या पावड्यांपर्यंत, म्हणजे दाबायच्या फळ्यांपर्यंत, नीट पोचत नव्हते. तो बुटका, आणि माग ह्यांच्या पायांच्या बेताने बांधलेला. आठवडाभर कसाबसा लोंबकळत विणत होता बिचारा. हे बाहेर गेले, उजव्या हाताने एकेक वीट आणली, खड्ड्यात उतरून पावड्यांच्या बुडाखाली रचली आणि पावड्यांच्या दोऱ्या आखूड केल्या. "आता पाय," म्हणाले. त्याने पाय टेकून पाहिले. टेकले.

ह्यांना सोसायटीने गोदामात सूत देण्याघेण्याचं काम दिलं. त्या मागाच्या कांड्या माझ्याकडेच राहिल्या. संध्याकाळी घरी जाताना हे विचारायचे, "आज पट्टी पडली का?"

"नाही पडली," मी म्हणायची.

"बरं झालं," म्हणायचे, आणि घर येईपर्यंत डावा हात उजव्या हाताने धरून चालायचे.