नणंदबाई आणि रॅमची खाच

माझ्या थोरल्या नणंदेइतकं मनापासून रागावता येणारं माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरं नसेल, आणि हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाहीये. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर, त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एका बाजूला बांगड्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. गिरणीचं पीठ उडून मशीनच्या पंख्यात बसतं म्हणून गिरणीवाल्या चाचांशी त्यांचं रोज सकाळी भांडण व्हायचं, आणि ईदच्या दुपारी त्याच चाचांच्या घरून आमच्याकडे शिरखुर्म्याचं पातेलं यायचं. गिऱ्हाईक दुकानात शिरायचं, पदर खोचून बसलेली बाई बघायचं आणि विचारायचं, मेकॅनिक कुठे गेला? ताई हातातला पेचकस खाली न ठेवता म्हणायच्या, "मेकॅनिक तुमच्यासंगच बोलून राह्यला." निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जायची. उरलेली जन्मभर टिकली, कारण ताईंच्या हातून सुटलेलं मशीन परत बिघडत नसे. बिघडलंच तर ते घेऊन यायची कुणाची छाती नव्हती.

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी ताईंनी रॅम दाखवली. बोटभर रुंद, वीतभरापेक्षा कमी लांब अशी हिरवी पट्टी, खाली सोनेरी दातांची रांग. तिला हात लावायच्या आधी खिडकीच्या गजाला हात लावायचा, असा दुकानाचा नियम होता. मला वाटलं, या घराण्याची काही रीत असेल. मी गजाला हात लावून तो कपाळाला लावला. ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी समजावलं की माणसाच्या अंगात बारीक वीज साठते, ती गजात सोडली नाही तर पट्टीत उतरते आणि पट्टी मरते. देवाचा काही संबंध नाही. मग म्हणाल्या की नमस्कार करायचाच असेल तर पट्टी मेल्यावर कर.

त्यांचा सगळ्यात मोठा राग खाचेवरून असे. रॅमच्या दातांच्या रांगेत एक खाच असते आणि मशीनमधल्या खोबणीत तिच्या जागी एक उंचवटा. दोन्ही जुळले तरच पट्टी बसते. जुन्या पिढीच्या रॅमची खाच एकीकडे, नव्या पिढीच्या रॅमची जवभर सरकलेली. हे सरकवणं मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे एकीच्या जागी दुसरी कुणी घालू नये. पण आमच्याकडच्या माणसाला न बसणारी वस्तू दिसली की हात शिवशिवतात. पाचर ठोकून दांडा बसवायची सवय. एकदा एक सद्गृहस्थ कानशीने खाच रुंद करून, पट्टी ठोकून बसवून आले होते. ताईंनी ती पट्टी त्यांच्या नाकासमोर धरली आणि विचारलं, तुमच्या पायात जोडा जात नाही तं तुम्ही पाय घासता का? ते बिचारे जोडा काढून बघू लागले.

दुसरा राग कूलरवर. अकोल्याचा मे महिना म्हणजे काय हे अकोल्याबाहेरच्याला सांगून उपयोग नाही. त्या दिवसांत लोक कौतुकाने मशीन कूलरच्या तोंडाशी ठेवत. ओल्या हवेने सोनेरी दात काळे पडत आणि चालू करताच मशीन टीं टीं करत बसे. ताई शाळेतल्या पोरांचं खोडरबर घेऊन दात घासत, पट्टी खोबणीत उभी धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबत. दोन्ही टोकांच्या कड्या आपोआप मिटून "टक" वाजलं की मशीन सुरू. मग खोडरबर गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून त्याची अर्धा तास खरडपट्टी.

याच कूलरपायी आम्ही एका मे महिन्यात नांदगाव खंडेश्वरला गेलो. तिथल्या मुलींच्या शाळेत दहा मुलींची संगणकाची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती आणि दहाही मशिनं टीं टीं करत होती. त्या वर्षांत आमच्या भागाची हवाच बिघडली होती. पेपर उघडला की पहिल्या पानावर कुणा कर्जबाजारी शेतकऱ्याने जीव दिल्याचं, म्हणून ताई पेपर उघडायच्याच नाहीत. हेडसरांनी कूलर मशिनांकडे वळवून ठेवला होता आणि स्वतः घामाने निथळत होते. ताई त्यांना काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही, ते चांगले गृहस्थ होते. मग ताईंनी मुलींना ओळीने गजाला हात लावायला लावला आणि प्रत्येकीकडून तिची तिची पट्टी घासून बसवून घेतली. नऊ टक वाजले. दहावं मशीन सगळ्यात जुनं, त्याची पट्टीच जळलेली. आम्ही नेलेल्या सगळ्या पट्ट्या नव्या पिढीच्या. हेडसर म्हणाले, एक मुलगी पुढच्या वेळी बसेल. ती मुलगी दारात उभी होती. तिच्या काकांनी या परीक्षेपर्यंतच थांबायचं कबूल केलं होतं, पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं.

"पुढच्या वेळी म्हणजे कवा?" ताई म्हणाल्या. "लेकरू घेऊन येईन का ते?"

मग त्यांची नजर हेडसरांच्या खोलीतल्या मशीनकडे गेली. त्याच जुन्या पिढीचं. त्यावर हेडसर फावल्या वेळात पत्ते खेळतात हे मुलींनी सांगून टाकलंच होतं. ताई पेचकस घेऊन निघाल्या तर हेडसर चक्क आडवे आले. म्हणाले, मेमरी काढली तर यादी जाईल. वडील गेलेल्या मुलींची यादी होती ती, फी माफीसाठी वर पाठवायची. महिनाभर घरोघर फिरून, तारखा विचारून त्यांनी ती भरली होती. प्रिंटर बंद, दुसरी प्रत नाही. दारातल्या मुलीचंही नाव त्यात होतं.

मला वाटलं, आता स्फोट होणार. पण ताई खुर्ची ओढून बसल्या.

"सर, तुमच्याकडे लाईट रोज जाते ना?"

"सहा सहा तास जाते."

"तवा यादी जाते का?"

"नाही जात."

"लाईट गेली का ही पट्टी रोजच रिकामी होते. हे खळं हाय, सर. काम चालू हाय तवरक माल खळ्यावर. सेव्ह केलं का कोठीत गेला. कोठी येगळी, तिले मी हात लावून नाई राह्यली. दोन्हीले मेमरी म्हणणाऱ्याचंच टकुरं फोडलं पाह्यजे, तुमचं नाई."

हेडसर बाजूला झाले. ताईंनी पट्टी काढली, पण बसवायला हेडसरांच्याच हातात दिली. त्यांनी ती दहाव्या मशीनच्या खोबणीत उभी धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक वाजलं तेव्हा सगळ्यात मोठा श्वास त्यांनीच सोडला.

त्या रात्री आम्ही गावातच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा झाली. दहाही जणी पास झाल्याचं पुढे कळलं. त्या दुपारी ताईंनी पट्टी परत हेडसरांच्या मशीनमध्ये बसवली आणि यादी उघडून दाखवली. सगळी जागच्या जागी होती. हेडसरांनी हात जोडले. ताईंचं लक्ष नव्हतं. त्या यादी वाचत होत्या. गाव, मुलीचं नाव, वडिलांचं नाव, तारीख. शेवटपर्यंत वाचली, आणि एवढा वेळ कुणावरच रागावल्या नाहीत.

परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीची जागा धरली. मग म्हणाल्या, "काईच पुसल्या गेलं नाई, पाह्य. इतके वर्सं हेच सांगत आली मी लोकायले, का जे भरलं ते राह्यते. आज उघडतानी मले वाटलं, एखांदं नाव तरी कमी निघावं."

जाण्यायेण्याच्या वाटेत ठेवलेल्या आमच्या पिशवीवरून कंडक्टर दोघींवर खेकसला. मी जीव मुठीत धरून ताईंकडे पाहिलं. त्यांनी मुकाट्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली.