न चाखता शिजवलेलं

इस्त्रीवाल्या वहिनींविषयी इमारतीत एकच बोलणं होत असे, आणि ते कौतुकाचं होतं. जिन्याखालच्या खोलीत कुणी राहतं हे कपडे धुऊन वाळल्यावरच आठवतं, असं पहिल्या मजल्यावरचे म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई त्याहून नेमकं बोलत. "शेजार असावा तर असा," त्या म्हणत. "ना आवाज, ना वास."

त्या इमारतीत वासाला फार मोल होतं. सगळी बिऱ्हाडं शाकाहारी होती आणि ठरवून एकत्र राहायला आली होती. आत येणाऱ्या प्रत्येकाकडून त्यांनी तसा शब्द घेतला होता. वहिनींचे यजमान इमारतीचा पाण्याचा पंप सांभाळत, म्हणून त्यांना ही खोली मिळाली होती. शब्द त्या दोघांनीही दिला होता आणि पाळलाही होता. पुढे यजमान आजारपणात गेले. पंपाला दुसरा माणूस आला, पण खोली वहिनींकडेच राहू दिली गेली. त्यात इमारतीचा चांगुलपणा होता, तसा थोडा हिशोबही होता, कारण त्यांच्या हातची इस्त्री मोडायला माणसाला दिवसभर बसून राहावं लागे. शिवाय वहिनी स्वतः मांसाला शिवत नसत. त्यांच्या माहेरी ते कधी शिजलंच नव्हतं. इमारतीच्या दृष्टीने त्या आपल्यातल्याच होत्या.

आपल्यातले नव्हते, आणि त्या कौतुकात धरलेलेही नव्हते, ते त्यांच्याबरोबर राहणारे सासरे. उभा जन्म कारखान्याच्या बॉयलरवर गेलेला हा माणूस. भट्टीच्या घरघरीत कान गेले आणि त्या घरघरीवर मात करायची सवय मात्र घशात राहिली. ते साधं पाणी मागत तरी जिन्यातला माणूस दचके. खाण्याचा शौक त्यांनी कधी लपवला नव्हता, पण घरात आणलाही नव्हता. रोज दुपारी काठी टेकत कोपऱ्यावरच्या खानावळीत जात आणि तोंड धुऊन परत येत. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग एकदा खानावळीच्याच पायरीवर ते घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळातून आणल्यावर डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की हाड जुळायचं तर अंगात ताकद हवी. "डाळ द्या, दूध द्या, अंडी, मांस, काय खातील ते द्या. पण खायला घाला. या वयात माणूस हाडाने जात नाही, न खाण्याने जातो."

वहिनींनी डाळ दिली. म्हाताऱ्याने दोन घास घेऊन भिंतीकडे तोंड केलं. दूध दिलं, तेही तसंच राहिलं. खानावळीतून डबा आणून बघितला, पण तिथलं तिखट तेलकट खाणं अंथरुणावरच्या पोटाला झेपेना. सगळं उलटून पडे. आठवडा गेला तशी गालाची हाडं वर आली. अंग पुसताना वहिनींच्या हाताला फासळ्या लागू लागल्या, आणि नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत त्याचं अंग असंच लागत होतं हे त्यांना आठवलं.

"बाबा, काय करू तुमच्यासाठी?" त्यांनी कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"काही नको गं," म्हातारा म्हणाला, आणि ते काही नको पार गच्चीपर्यंत गेलं. मग त्यांच्या परीने अगदी हळू, म्हणजे पहिल्या मजल्यापर्यंत पोचेल अशा बेताने ते म्हणाले, "मटणाचं मऊ काहीतरी मिळालं तर बघ."

वहिनी दार लोटून घ्यायला धावल्या.

दोन दिवस त्या नुसत्या इस्त्री फिरवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन लांबच्या बाजारात गेल्या, जिथे इमारतीतलं कुणी जात नसे. खाटीक मिश्कील होता. "नाकाला पदर लावून मटण घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. "घरी कुणी खातं का, की नुसतं बघायला नेताय?"

"आजारी माणसासाठी आहे. लवकर द्या."

"मग तुम्ही का अशा पळायला निघालात? बकरं चोरीचं नाही आमचं."

परतताना त्यांना वाटत राहिलं की डब्याचं झाकण सैल आहे आणि रस्त्यातलं प्रत्येक माणूस आपल्याकडे वळून बघतंय.

त्यातून त्यांनी एक पद्धत बसवली. शिजवायच्या दिवशी सकाळीच सगळे कपडे इस्त्री करून घरोघर पोचवायचे, एकही गठ्ठा खोलीत ठेवायचा नाही, कारण गरम कापड वास कसा धरून ठेवतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. लोक कामावर गेले की दाराच्या फटीला ओली चादर लावायची आणि कुकर चढवायचा. झाल्यावर सगळी खोली फिनेलने पुसायची.

तरी एक अडचण उरली. वहिनींना चव घेता येत नव्हती. जिभेवर थेंब घ्यायच्या नुसत्या विचाराने त्यांना उमासे येत. मीठ पडलं की नाही, मांस शिजलं की चामड्यासारखं राहिलं, काही कळायला मार्ग नव्हता. मग त्या वाटीत एक तुकडा काढून खोलीच्या मध्ये टांगलेल्या पडद्यापलीकडे म्हाताऱ्याला नेऊन देत आणि तो बोटांनी खुणा करी. अंगठा म्हणजे झालं. हात हलला की मीठ कमी. तोंडाने बोलायचं नाही, असं त्यांनी त्याला बजावून ठेवलं होतं.

"मुका झालो का मी?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं.

"या खोलीत राहायचं असेल तर व्हा."

म्हातारा त्यावर हसला होता. पुष्कळ दिवसांनी हसला होता. महिन्याभरात त्याच्या चेहऱ्यावर थोडी तकाकी आली आणि वहिनींची झोप गेली. जिन्यात पाऊल वाजलं तरी त्या उठून कडी तपासत. शिक्षिकाबाईंनी एकदा सहज म्हटलं, "हल्ली फार पुसापुशी करता हो," आणि वहिनी कितीतरी वेळ ते सहज म्हटलं की मुद्दाम, हेच उलगडत बसल्या.

त्या दिवशीही सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. कुकरची वाफ गेली होती. एक तुकडा वाटीत घालून त्यांनी पडद्याआड दिला आणि हात धुवायला वळल्या, तोच दारावर थाप पडली.

दारात अध्यक्षांच्या बाई उभ्या होत्या. अध्यक्ष म्हणजे इमारतीच्या मंडळाचे प्रमुख. त्यांची मुलगी प्रयोगशाळेत काम करी आणि तिचा पांढरा कोट बाईंच्या हातात होता.

"वहिनी, तेवढा आत्ता करून द्या ना. तिला अचानक बोलावणं आलंय. मी थांबते इथेच."

"वर आणून देते की, बाई. तुम्ही कशाला थांबता?"

"अहो, बाहेर रिक्षा उभी आहे. किती वेळ लागणार?"

ओली चादर वहिनींच्या पायाशी पडली होती. त्यांनी ती पायानेच बाजूला सारली आणि इस्त्री लावली. ती तापायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांच्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली गेला. बाई उंबऱ्यावर टेकून मुलीच्या नोकरीचं काहीबाही सांगत होत्या. मध्येच त्या थांबल्या. नाकाचा शेंडा किंचित हलला, की वहिनींनाच तसं वाटलं.

"ओलं कापड तापलं की येतो असा वास," वहिनी न विचारता म्हणाल्या.

"कसला वास? मला तर सर्दी झालीये," बाई म्हणाल्या. "नाक पार बंद आहे."

वहिनींना जरा श्वास आला. त्यांनी कॉलर केली, एक बाही केली. आता म्हाताऱ्याने नुसता अंगठा वर करायचा होता आणि कुणी बघत नाही म्हणून खाली घ्यायचा होता. पण पडद्यापलीकडे वाट बघून तो कंटाळला असावा. सूनबाई खूण बघायला आली नाही, तेव्हा आपली खूण वाया जाते आहे असं त्याला वाटलं असेल.

"सूनबाई," पडद्यामागून बॉयलरवरचा आवाज आला, "मीठ बरोबर आहे. पण बकरा अजून चाववत नाही गं. आणखी दोन शिट्ट्या काढ. माझ्यासारखाच म्हातारा दिसतोय बिचारा."

जिन्यात कुठेतरी एक दार उघडलं.

बाईंनी पुढे होऊन टेबलावरचा कोट उचलला, एक बाही चुरगळलेली होती तसाच. तो अंगाला लागू नये म्हणून हात लांब धरून त्या बाहेर पडल्या. इस्त्री टेबलाच्या घोंगडीवर तशीच राहिली आणि जळका वास यायला लागला, तेव्हा कुठे वहिनींनी बटण बंद केलं.

त्यांनी आणखी दोन शिट्ट्या काढल्या. काढल्या नसत्या तर ते शिजवणं वाया गेलं असतं. म्हाताऱ्याने पोटभर खाल्लं आणि विचारलं, "तुझं तोंड का उतरलंय?" त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी अध्यक्ष स्वतः खाली आले. बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ गृहस्थ. ते ओरडले असते तर वहिनींना सोपं गेलं असतं. पण ते स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि विचारलं, "तुम्ही शब्द दिला होता ना, वहिनी?"

"दिला होता."

"माझी आई वर राहते. तिला हा वास आला तर दोन दोन दिवस अन्न जात नाही. आम्ही कुणाच्या ताटात बघायला जात नाही. पण एक जागा तरी आमच्या मनासारखी असावी, एवढ्यासाठी ही माणसं इथे आली. तुम्हाला हे कळतं. तुम्ही स्वतः खात नाही."

वहिनींना ते खरंच कळत होतं. कुकर उघडताना त्या स्वतःही नाकाला पदर लावत.

"कोण आलंय?" पडद्यामागून विचारणा झाली. "पंपवाला का?"

अध्यक्षांनी आवाज आणखी उतरवला. "तुम्हाला काढायचा कुणाचाही विचार नाही. पुलापलीकडे एक संस्था आहे, म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात. तिथे यांना हवं ते मिळेल, नर्स आहे. मी उद्याच बोलतो. तुम्ही इथेच राहा, कपडे येत राहतील. नाहीतर मग मला मंडळींना थोपवता येणार नाही. महिनाअखेरीस खोली सोडावी लागेल. आणि या वयात बाईमाणसाने एकटीने नवी जागा, नवी गिऱ्हाइकं कुठे शोधायची? नीट विचार करा."

वहिनींनी विचार केला होता. दुपारपासून दुसरं काही केलं नव्हतं. रस्त्यावर मांडलेलं टेबल त्यांना दिसत होतं, आणि त्या संस्थेच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला म्हातारा दिसत होता. तिथे त्याच्या कानाशी तोंड नेऊन कोण विचारणार होतं?

"मग?" अध्यक्ष म्हणाले. "संस्थेत उद्या बोलू ना?"

"नका बोलू. भीती वाटते मला, साहेब, खोटं कशाला सांगू. पण ते माझ्याजवळ राहतील आणि मी शिजवीन ते खातील. खोली तुमची आहे, घ्या."