भुऱ्याचा वाटा

“हिच्या पायगुणानं माझी शेळी गाभडली.”

अनसाबाई हे एकदाच म्हणाली. कारेगावच्या खालच्या आळीतल्या नळावर, दोन हजार दोन सालच्या दिवाळीनंतर, शेजारणीनं सहज विचारलं म्हणून. आवाज चढवला नव्हता. आज ऊन कडक आहे असं सांगावं तसं सांगितलं. तिची सून धनश्री मागंच उभी होती, डोक्यावर भरलेला हंडा घेऊन. हंड्यातलं पाणी हललं नाही. धनश्री घरी आली, हंडा उतरवला, भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं. चौथ्या दिवशी तिचा भाऊ आला आणि तिला दौंडकडं, पाटसला माहेरी घेऊन गेला.

श्रावणात धनश्रीचं स्वतःचं गेलं होतं, चौथ्या महिन्यात. ते अनसाबाईनंच आपल्या हातानं उचललं, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं, बांधावरच्या लिंबाखाली कमरेइतका खड्डा खणून पुरलं आणि वर दगड रचले, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. त्या दिवशी ती सुनेच्या डोक्यावरून किती तरी वेळ हात फिरवत बसली होती. तोच हात, तीच बाई. तीन महिन्यांनी नळावर तिच्या तोंडून ते वाक्य निघालं.

अनसाबाईच्या हाताला गुण होता. आडवं आलेलं करडू ती तेल लावलेल्या दोन बोटांनी फिरवायची. कारेगावपासून पार शिक्रापूरपर्यंतची माणसं तिला न्यायला सायकली घेऊन यायची. तिचा दुसरा लौकिक म्हणजे ती जनावराविषयी खोटं बोलत नसे. शिरूरच्या बाजारात शेळ्यांचा व्यापार करणारा इनुस तिच्या शेळीचं तोंड उघडून दात बघायचा नाही. ती म्हणेल ते वय. एकदा तर सौदा ठरल्यावर तिनंच सांगितलं, हिचा एक सड आंधळा हाय, दूध येत न्हाई त्यातनं. इनुस कपाळाला हात लावून म्हणाला, “अनसाबाई, तुम्ही वकील झाला असता तर उपाशी मेला असता.”

“आत्ता तरी कुठं पोट सुटलंय माझं?” ती म्हणाली होती.

अनसाबाईचा सासरा भैरू होता तोवर घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाशी परत यायचं. एका रानात दोन रात्री, फार तर चार. त्या चालत्या वाड्यात, मेंढरांच्या तळावर, भैरूनं तिला शिकवलं होतं की मेंढी व्याली, कोकरामागून वार पडली, की ती तशीच गरम कुत्र्यापुढं टाकायची. “ह्यो त्याचा वाटा. रगताची वळख पटली की त्या कोकराला लांडगा शिवायचा न्हाई.” अनसाबाईनं ते ऐकलं आणि पुढं तीस वर्षं पाळलं. मग माळ कारखान्यांना गेला, चरायला उरलं नाही, मेंढरं विकली. चांदी नावाची एक शेळी आणली, तिच्या लेकी, लेकींच्या लेकी अशा अकरा झाल्या. पत्र्याचं एक छप्पर, एक गव्हाण, एक कडब्याची गंजी. लांडगा आता कुठं नव्हता. कुत्रं मात्र होतं. भुऱ्या. छपरात शेळी व्याली की तो उंबऱ्याशी बसून राही, आणि अनसाबाई वार उचलून त्याच्यापुढं टाकी. “घे, ही तुझी वळख,” म्हणे. मग भुऱ्या कडब्याच्या गंजीवर चढून ऊबेला झोपून जाई.

धनश्री गेल्यावर शेळ्या चांगल्या राहायला हव्या होत्या. पंधरा दिवसांत दुसरी गाभडली. मग तिसरी. सगळ्यांचं एकच, चार महिने होत आलेले, पोटातल्या पिल्लाला केस नुकते फुटू लागलेले, आणि सकाळी गव्हाणीखाली काळसर, ओलं काही तरी पडलेलं. अनसाबाई देवऋषाकडं गेली, अंगारा आणला. छपराला लिंबाचे डहाळे बांधले. सुनेची सावली मागं राहिलीय असं तिनं मनाशी धरलं, कारण तसं धरलं नाही तर सावली कुणाची हा प्रश्न उरत होता. आणि प्रत्येक वेळी, गाभडली तरी वार पडतेच, ती तिनं भुऱ्याला घातली. त्याचा त्यात काय दोष?

मुलगा बिरदेव रांजणगावच्या कंपनीत कामाला होता. तो शिफ्टवरून यायचा, जेवायचा, झोपायचा. आईशी बोलायचा नाही. एकदा तिनंच विचारलं, “पाटसला जाऊन येतोस का?”

“ती येत न्हाई म्हनली.”

“तू नीट बोलला नसशील.”

“मी काय बोलू? बोललीस तू.” त्यानं ताट सरकवलं. “तुझं तूच आन. न्हाई आली तर मी शिक्रापुरात खोली घेतो. हितं माझ्यानं ऱ्हावत न्हाई.”

चौथी गाभडली त्या दिवशी इनुस आला होता. छपरात वाकून त्यानं बघितलं आणि सरळ झाला. “अंगारा बास झाला, अनसाबाई. हे पिल्लू पिशवीत घाला आन् शिरूरला दवाखान्यात न्या. एक शेळी गाभडली तर नशीब म्हना. चार म्हंजी बीमारी.”

तिनं नेलं. खताच्या धुवून घेतलेल्या पिशवीत, मांडीवर ठेवून, वडापच्या जीपमध्ये. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय आहे हो?” तर अनसाबाई म्हणाली, “मेलेलं करडू.” बाई सरकून बसली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं नमुने पुण्याला पाठवले, घरी येऊन शेळ्यांचं रक्त नेलं. तेवढ्यात पाचवीही गाभडली. महिन्याभरानं त्यानं बोलावून घेतलं.

“मावशी, वार कुठं टाकता?”

“टाकत न्हाई. कुत्र्याला घालते.”

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग त्यानं सावकाश सांगितलं. एक जंतू असतो, डोळ्याला न दिसणारा. आजारी शेळीच्या वारेतून तो कुत्र्याच्या पोटात जातो, तिथं वाढतो आणि कुत्र्याच्या घाणीतून बाहेर पडतो. कुत्रं वैरणीवर बसतं, तिथंच घाण करतं. गाभण शेळी ती वैरण खाते. मग पोटातला गाभ मरतो. त्यातून जे पिल्लू जगतं, तेही पुष्कळदा आईच्या पोटातूनच तो जंतू घेऊन येतं. म्हणून एकाच रक्ताच्या शेळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहतो.

“आमच्या सासऱ्यानं जल्मभर घातली. कवा काय झालं न्हाई.”

“ते एका जागी राहत होते का?”

“न्हाई. एका रानात दोन रात्री, फार तर चार.”

“चार दिवसांनी जागा सोडली की घाण मागं राहते, मावशी. तुमची गंजी तर तीच, वर्षानुवर्षं.”

“औषिद?”

“खात्रीचं नाही. कुत्रं बांधा. गंजी झाका. वार पुरत जा, खोल.”

पुरत जा. कमरेइतका खड्डा, वर दगड. तिला ते येत होतं. तिनं ते केलंही होतं, एकदा.

उठताना तिनं विचारलं, “माणसाच्या पायानं असं व्हतं का?”

डॉक्टरला हसू आलं, पण तिच्या तोंडाकडं बघून त्यानं ते आवरलं. “नाही, मावशी.”

“मग ते कागदावर लिवा.”

“असं लिहीत नाहीत. पण रिपोर्ट देतो.”

दोन दिवसांनी म्हातारी चांदी गाभडली, सहावी. भुऱ्याला अनसाबाईनं साखळीनं बाभळीला बांधलं होतं. वास आला तसा तो उठून बसला, शेपटी मातीवर आपटू लागला. त्याच्यासमोर तिनं खड्डा खणला, वार टाकली, चुना टाकला, माती ओढली. तो ओरडला नाही. आपला वाटा मातीत का चाललाय ते त्याला कळत नव्हतं, आणि तो तिच्याकडं तसाच बघत राहिला, विश्वासानं. तिला ती नजर सोसवेना. तिनं शेवटचे दगड पाठमोरी होऊन रचले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती निघाली. रिपोर्ट दुधाच्या पिशवीत, पिशवी कमरेला. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून पाटस. एसटीत तिनं काय बोलायचं ते जुळवून ठेवलं आणि भीमेचा पूल ओलांडताना ते सगळं विसरली.

धनश्रीची आई सोजरबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. “या. शेळ्या कशा हायेत?” म्हणाली.

“सहा गाभडल्या.”

“आमची पोरगी तर हितं हाय. मग कुणाचा पाय लागला?”

अनसाबाई खाली बसली. पिशवी सोडून तिनं कागद काढला आणि जमिनीवर सरकवला. मग सगळं सांगितलं, काही न लपवता, वार, कुत्रं, गंजी. “मी माझ्या हातानं घातलं,” म्हणाली. “चूक माजी हाय. पोरीला न्यायला आले.”

धनश्री दारात येऊन उभी होती. वाळली होती. तिनं कागद उचलला, वरून खालपर्यंत बघितला. इंग्रजी होता. खाली डॉक्टरची सही.

“म्हंजी कागदानं सांगितलं मी चांगली हाय,” सोजरबाई म्हणाली, लेकीच्या वतीनं. “काय गं, खूश हायस ना?”

“आई, थांब.” धनश्रीनं कागदाची घडी घातली. “आत्या, चहा घेनार?”

“न्हाई. बिरदेव जेवत न्हाई धड. तू चल.”

“येते.”

सूप थांबलं. अनसाबाईनं मान वर केली.

“एकच सांगा, मग पिशवी भरते,” धनश्री म्हणाली. तिचा आवाज नळावरच्या त्या आवाजासारखाच होता, न चढलेला. “ह्यो कागद आला नसता, तर आला असता का तुम्ही?”

सोजरबाई खाली बघू लागली. ओट्यावर चिमण्या उतरल्या होत्या, सांडलेली ज्वारी टिपत होत्या. एका शब्दाचं काम होतं. व्हय म्हटलं की पोरगी पिशवी भरणार, संध्याकाळच्या गाडीनं दोघी घरी, बिरदेव ताटावर बसणार. धनश्रीलाही तोच शब्द हवा होता. तो खोटा निघाला तरी चालला असता, तिच्या डोळ्यांत तसं होतं. अनसाबाईनं ओठ उघडले. तिला चौथी शेळी आठवली, पाचवी आठवली, आणि त्या प्रत्येक वेळी आपण मनात कुणाचं नाव घेतलं होतं ते आठवलं. तीन दिवसांपूर्वी, त्या दवाखान्याच्या खुर्चीत बसेपर्यंत घेतलं होतं.

धनश्री वाट बघत होती.

अनसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. कागद सुनेच्या हातातच राहिला. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती ओटा उतरली, पायानं चपला चाचपल्या, एक सापडली, दुसरी उलटी होती ती सरळ केली, आणि रस्त्याला लागली.