थांबलेला उजेड

आष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हा आमच्या भाड्याच्या खोलीवर गच्ची होती. नव्वदीची सुरुवात असेल. जेवणं झाली की मी ताऱ्यांचा नकाशा घेऊन वर जायचो आणि मागून बायको सतरंजी घेऊन यायची. मी सप्तर्षी दाखवले की ती म्हणायची, “आमच्याकडं त्याला बाज म्हणतात, खाटंसारखं दिसतं म्हणून.”

एका मार्गशीर्षात उत्तरेकडून एक पिवळसर उजेड सरकत आला, डोक्यावर येऊन थांबला आणि थोड्या वेळाने जागच्या जागी विझला.

“थांबलं बघा ते,” ती म्हणाली.

“उपग्रह असेल,” मी म्हणालो. उपग्रह असा थांबत नाही, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतले एक सर चहाला आले. तिने त्यांना सगळं सांगितलं, तर ते हसायला लागले. “वहिनी, तेल संपलं असंल त्याचं.”

“हे होते की संगं. विचारा यांनाच.”

उद्या शिक्षकांच्या खोलीत माझंही हसू होईल, एवढंच तेव्हा मला सुचलं. मी म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं.”

ती कप उचलून आत गेली. पुढेही ती गच्चीवर येत राहिली, पण त्या उजेडाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, आणि मीही नाही.

ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं. तिला सांगायचं राहिलं ते इथे लिहितो. उजेड थांबला होता. तो हलत नाही असं दिसल्यावर मी मनात आकडे मोजायला लागलो होतो. तो विझला तेव्हा बावीस झाले होते.