फार्सला दोन साक्षीदार

शब्दकोशाचं काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही शब्द गोळा करतो. कसले शब्द! सात वर्षांत जमलेले सगळे शब्द चपलांच्या तेवीस खोक्यांत मावले. किस्से कुठं ठेवायचे, हे कुणी सांगितलंच नाही. ते मी रोज संध्याकाळी डोक्यात घालून घरी नेते आणि नवरा विचारतो, "आज पुन्हा डोकं दुखतंय का?"

आमचं ऑफिस म्हणजे जळगावात एका वाचनालयाच्या वरची खोली. आबा संपादक. शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. भास्करभाऊ मूळचे साक्रीकडचे, उभं आयुष्य एसटीत कंडक्टर. गावोगाव फिरून शब्द आणायचं काम त्यांच्याकडे. आणि तिसरी मी, सुनंदा. माझं टायपिंगचं दुकान होतं, लग्नपत्रिका करायचे. आबा एकदा नातीच्या लग्नाचा मजकूर घेऊन आले आणि जाताना मलाच घेऊन गेले.

इंग्रजी, मराठी आणि खान्देशी असा तीन भाषांचा कोश. सगळी कार्डं भरून झाली. एकच राहिलं. फार्स!

* * *

मला काय, मी सरळ 'प्रहसन' टाइप करून टाकलं. दुपारचे तीन वाजले होते, पंखा बंद होता, मे महिना होता. माणूस अशा वेळी काहीही टाइप करतो.

आबांनी प्रूफ बघितलं आणि चष्मा काढला. आबांनी चष्मा काढला की समजायचं, आता अर्धा तास गेला.

"सुनंदा, हा शब्द आपल्याकडे कोण बोलतं?"

"पुस्तकात आहे, आबा."

"पुस्तकातलं पुस्तकात राहू दे. मला दोन साक्षीदार दाखव!"

हा आबांचा कायदा. दोन वेगळ्या गावांतल्या दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता, आपल्या तोंडानं शब्द बोलला पाहिजे. कार्डावर शब्द, खाली दोघांची नावं, गावं आणि सही किंवा अंगठा. त्याशिवाय शब्द कोशात जात नाही म्हणजे नाही. 'भाकरी'लासुद्धा साक्षीदार घेतलेत आम्ही!

तेवढ्यात गणू चहा घेऊन आला. आबांनी त्यालाच पकडलं. "गणू, घरात गोंधळ झाला की तुझी बायको कधी म्हणते का, काय प्रहसन लावलंय?"

गणूनं कप ठेवले. "आबा, ती काय म्हणते ते या एवढ्याशा कार्डावर बसायचं नाही."

* * *

या शब्दाचं आणखी एक दुखणं होतं. पेपरात रोज 'चौकशीचा फार्स', 'बैठकीचा फार्स'. म्हणजे नुसतं ढोंग. आणि नाटकातला फार्स वेगळा. धावपळ, लपवाछपवी, एक खोटं झाकायला दहा खोटी. आबांना दोन्हीकडे चालेल असा एकच शब्द पाहिजे होता, तोही लोकांच्या तोंडचा.

भास्करभाऊ म्हणाले, "आबा, साक्रीच्या बाजारात विचारतो. तिथं डोंगरातली गावं बी येतात."

बाजाराच्या दिवशी ते पिंपळाखाली टेबल टाकून बसले. समोर कोरी कार्डं, शाईचा पॅड, पेन. पहिला म्हातारा आला.

"कसानं कार्ड शे हाई?"

"शब्दाचं, बाबा. तुमचं नाव, गाव आणि अंगठा."

बस्स! नाव, गाव आणि अंगठा म्हटल्यावर कोण ऐकतंय पुढचं? काहीतरी योजना आली, असा बाजारभर बोभाटा झाला. रांग लागली. बाया मिरच्यांची पाटी तशीच टाकून आल्या. "भाऊ, मनं बी नाव लिखी ल्या!" भास्करभाऊ ओरडून सांगतायत, अहो शब्द सांगा, शब्द! तर एक जण शेजारच्याला समजावतोय, "आधी शब्द देनं पडस, मंग मंजूर व्हस."

कंडक्टरी केलेला माणूस, रांग बघितली की आपोआप शिस्त लावायला लागतो. त्यांनी तीन तास रांग सांभाळली! कुणी आत घुसलं तर त्याला मागे पाठवलं.

संध्याकाळी ऑफिसात आले आणि पिशवी टेबलावर उलटी केली. शब्द एकही नाही. आधारकार्डाच्या बेचाळीस झेरॉक्स!

पुढचे दोन आठवडे, कार्ड कधी येणार म्हणून त्यांचा फोन वाजत होता. "भाऊ, मनं कार्ड कवय ई?"

* * *

मग आबांनी त्यांना शिरपूरकडे एका प्राध्यापकांना भेटायला पाठवलं. या वेळी मीही गेले, कारण भास्करभाऊ म्हणाले, "ताई, एकट्यानं माझ्याच्यानं होणार नाही."

प्राध्यापकांनी आम्हाला पाहुणे समजून थेट कॉलेजच्या हॉलमध्ये नेलं. समोर दीडशे मुली. आमच्या गळ्यात हार पडले. मग कळलं, खरे पाहुणे यायचे होते ते आलेच नाहीत, आणि आम्ही दारात आयते सापडलो! प्राध्यापकांनी माईक हातात घेतला आणि फार्सवर पन्नास मिनिटं बोलले. उगम, विकास, भेद, उपभेद. मध्ये लाइट गेली तरी थांबले नाहीत.

शेवटी भास्करभाऊंनी हात वर केला. "सर, याला आपल्याकडे काय म्हणायचं, तेवढा एक शब्द सांगा."

सर गंभीर झाले. म्हणाले, "त्यासाठी वेगळा सेमिनार घ्यावा लागेल. आपण दोघं पाहुणे म्हणून याल ना?"

परतताना गाडीत भास्करभाऊ हार गळ्यात तसाच ठेवून झोपले. मी काढायला सांगितलं नाही. माझ्याही गळ्यात होता.

* * *

हसण्यावारी नेता आलं असतं हो, पण आबांचे डोळे.

उजवा आधीच गेला होता. डावा चालला होता. धुळ्याच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला मी घेऊन जायचे. दर वेळी आबा समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचायचे. मला वाटायचं, बरं आहे की!

चौथ्या महिन्यात डॉक्टर त्यांच्याजवळ येऊन बसले. हळूच म्हणाले, "आबा, तुम्ही वाचलात तो मागच्या महिन्यातला तक्ता. आम्ही तो बदललाय."

आबा उठून चालू लागले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "छापलेला कोश मला या डोळ्यानं बघायचाय, सुनंदा. वास घेऊन नाही."

मला रडूच आलं. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते. आणि छपाई अडली होती एका फार्ससाठी! मी म्हटलं, "आबा, तो एक शब्द सोडून देऊ." तर म्हणाले, "यादीतला शब्द आहे. रिकामी जागा सोडून पुस्तक छापायचं का?" असल्या माणसापुढं डोकं आपटून काय उपयोग?

* * *

त्यातच भास्करभाऊ पूर्वेकडच्या केळीवाल्या गावांत जाऊन आले. तिथली बोली वेगळी, काहीतरी मिळेल म्हणून.

एका ओसरीवर नवरा-बायको केळीचे घड पुसत बसलेले. भास्करभाऊंनी नीट समजावलं. अशी एक जागा, जिथं सगळे नुसते पळतायत, एक जण दुसऱ्यापासून काहीतरी लपवतोय, कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, आणि शेवटी कशासाठी भांडत होते तेच कुणाला आठवत नाही. "याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

नवरा विचारात पडला. बायकोनं मान वर न करता सांगितलं, "त्याले आम्ही घर म्हनतो, भाऊ."

आबांनी ते कार्ड गंभीरपणे भरून घेतलं. पण दुसरा साक्षीदार कुठं होता? मी होते तयार. आबा म्हणाले, "ऑफिसातलं माणूस चालत नाही."

* * *

वरणगावचे एक काका आबांचे जुने दोस्त. तरुणपणी कॉलनीच्या गणेशोत्सवात फार्समध्ये कामं करायचे. आबांनी त्यांना बोलावलं. काका म्हणाले, "सांगून नाही कळणार, करून दाखवतो."

आणि पंचाहत्तरीचा हा माणूस नवरा झाला, बायको झाला, सावकार झाला. टेबलाखालून निघाला, दारामागे गेला आणि शेवटी आमच्या लोखंडी कपाटात शिरून दार ओढून घेतलं. कुलूप आपोआप लागलं. बाहेरून उघडेना. चावी शोधतोय तर जिन्यावर पावलं! वाचनालयाचे सेक्रेटरी आले.

"आबा, स्पष्ट सांगतो. महिनाअखेर खोली रिकामी पाहिजे. वर अभ्यासिका करायचीय."

आत काका नाटकात पुरते रंगलेले. कपाटातून आवाज आला, "गेला का गं तो मेला?"

सेक्रेटरींनी कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आबांकडे. आबा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "नाही अजून. इथंच उभे आहेत."

महिनाअखेरची तारीख काही बदलली नाही. काकांना मात्र तासाभरानं काढलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

* * *

शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली सोडायची होती, प्रेसवाल्याला रात्री फाईल पाठवायची होती. सामान बांधून झालं होतं. संगणक आणि 'फ'चं खोकं तेवढं टेबलावर.

आता खरं सांगते. आदल्या दिवशी मी एक पाप केलं होतं. घरी बसून एक शब्द बनवला. कानाला बरा लागणारा, खान्देशी वाटेल असा. खाली दोन साक्षीदार लिहिले. दोन्ही बाया, दोन्ही गावं मी कधी न बघितलेली. एक अंगठा माझा, दुसराही माझाच, डाव्या हाताचा. आबांना आता वाचता येत नव्हतं, मी वाचेन तेच खरं. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्या माणसाला फसवणार होते, आणि मला लाज वाटत नव्हती. मला ते पुस्तक त्यांच्या हातात बघायचं होतं. बस्स.

दुपारी आबा हात धुवायला गेले तेव्हा कार्ड हळूच खोक्यात सरकवलं.

संध्याकाळी आबा खुर्चीत बसले. भास्करभाऊ खिडकीपाशी. आबा म्हणाले, "फार्सचं कार्ड आलंय का बघ गं."

मला जरा नवल वाटलं. आलंय का, असं त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. मी खोक्यात हात घातला. एक कार्ड निघालं, पण माझं नव्हे. तिरपं अक्षर, तिकिटाच्या हिशोबाला सरावलेलं. भास्करभाऊंचं! वेगळाच शब्द, साक्रीकडचे दोन साक्षीदार, दोन अंगठे. दोन्ही अंगठ्यांवर एकाच जागी कापल्याची खूण. भास्करभाऊंच्या अंगठ्यावर आहे तशी.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

त्याच्यामागे माझं कार्ड. आणि त्याच्याही मागे तिसरं.

मोठं, थरथरतं अक्षर. आबांचं. साक्षीदार पहिला, भास्कर, मुक्काम साक्री. साक्षीदार दुसरी, सुनंदा, मुक्काम जळगाव. नावं अगदी ठसठशीत, सवयीनं लिहिलेली. पण वर शब्दाच्या जागी त्यांचं पेन घसरत गेलं होतं. अक्षरावर अक्षर चढलेलं, ओळीवर ओळ. उजेडात धरलं, तिरकं धरलं. काना कुठला, मात्रा कुठली, काहीच लागेना.

भास्करभाऊ माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी तिन्ही कार्डं बघितली. खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

"आलंय का?" आबांनी विचारलं.

"आलंय, आबा."

"किती आलीत?"

"एकच."

"साक्षीदार?"

"दोन," भास्करभाऊ म्हणाले. "दोन्ही पक्का शेतस, आबा."

आबांनी मान हलवली. "अक्षर लागतंय ना? माझ्याच्यानं हल्ली नीट येत नाही."

"लागतंय की!" मी म्हटलं. "अगदी स्वच्छ आहे."

"मग हरकत नाही," आबा म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकून त्यांनी डोळे मिटले. "वाच मोठ्यानं."