उम्मेहानी आपांची परक्या घरची मापं

उमरग्यात मध्यंतरी बातमी फुटली, की शिवणक्लासवाल्या उम्मेहानी आपांनी सोयरिकी जुळवायचं दुकान काढलंय, आणि तेही भलती घरं भलत्या घरांशी जुळवायचं! शेजारच्या कस्तुराबाईनं तर डोळ्यानं पाहिलं होतं: लिंगायताची पोरगी मुसलमानाच्या दारात, मुसलमानाची पाटलाच्या ओसरीवर. नवरदेव तेवढा कुठं दिसला नव्हता. तो कस्तुराबाईनं पदरचा घातला.

खरं एवढंच, की आपांच्या क्लासात आपल्या घरचे कपडे शिवायला बंदी. पोरीनं आपल्यासारखं नसलेलं घर गाठायचं, तिथल्या बाईला काय लागतं ते विचारायचं आणि मगच कात्री लावायची.

"आपल्या आईचा ब्लाऊज झोपेतबी शिवाल," आपा म्हणायच्या. "समदी गिऱ्हाइकं काय तुमची आई हायत का?"

यंदा मात्र आपांचा जीव टांगणीला. कपड्यांच्या कारखान्याचे मालक शांतलिंगअण्णा क्लासातल्या पोरींना कामावर घ्यायचं की न्हाय, ते ठरवायला येणार होते. आणि नेमक्या त्याच सकाळी अण्णांच्या आई धुरपदाबाई, शिकाऊ शमीनानं शिवलेली चोळी झेंड्यासारखी फडकावत क्लासात शिरल्या. उभा जन्म पुढं गाठ मारलेल्या म्हातारीच्या चोळीला शमीनानं पाठीवर चेन बसवली होती!

"अगं बया, ही लावायला पाठीला हात फुटाय पायजेत की मला!"

"आमच्या घरात बहिणी लावून देतात, दादी," शमीना पुटपुटली.

"मग बहीणबी शिवून द्यायची की संगं!"

क्लास खिदळला. मापं घेतली, खण निवडला, पण बंद कुठं करता हे विचारायचंच शमीना विसरली होती. म्हातारीनं तिला पुढ्यात बसवून गाठीचा सगळा कारभार समजावला. शमीनानं चेन उसवली, पाठ जोडली, पुढून उघडून गाठीपुरती टोकं काढली. नवी चोळी अंगात चढली, तशा धुरपदाबाई आरशापुढून हलेनात. तेवढ्यात अण्णा दारात.

"आपा, मशीन शिकवा की! घरं कशाला हिंडवता? माझ्याकडं धंदा हाय, जत्रा न्हाय."

धुरपदाबाई आरशातूनच कडाडल्या, "व्हय रं! तुझ्या कारखान्यातली प्रत्येक चोळी हूक लावूनच येती. एका तरी बाईनं इचारलं का, आजी, तुमी काय घालता म्हणून? ही पोरगी चुकली, पर माझ्याफुडं बसून शिकली तरी!"

अण्णांनी कान खाजवला. बायकांनी परत धाडलेल्या कपड्यांचे गठ्ठे कारखान्यात छताला टेकले होते, ते त्यांना आठवले असावेत.

"बरं, पाठवा समद्या पोरी," ते म्हणाले. "झालात का आता खूश?"

आपांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"खूश कशाची, अण्णा? तुमच्याकडं मराठ्यांच्या बाया एका भिंतीला, आमच्या दुसरीला, तांड्यावरच्या पार दाराबाहेर. आधी मशिनी हलवून समद्यांना एकमेकींच्या तोंडासमोर बसवा, मग पोरी मागा. माझ्या पोरींना भिंतीशी बोलत शिवता येत न्हाय."